तक्रारीतली चार वाक्यं माझी होती

वडीलधारी मंडळी, वैद्य मंडळाचे सभासद, आणि आतल्या खोलीत बसलेल्या काकू,

गोरेगावाहून, कळमनुरीहून, औंढ्याहून तुम्ही आलात. कुणी रोगी परत पाठवून आलं, कुणी पेरणीआधीची कामं टाकून आलं. नाना असते तर पहिल्यांदा त्यांनी हेच विचारलं असतं, रोग्याला सांगून आलात का. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. काल दिवसभर मी काय बोलायचं ते लिहीत होतो. पहिल्या ओळीत ‘त्र्यंबकनाना’ लिहिलं, आणि पुढं क्रियापद कुठलं लावायचं तेच कळेना. आहेत की होते?

भाऊसाहेबांनी मला बजावलं आहे, वसंता, दोनच शब्द बोल. ते आता मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांचं बराबर आहे. तालुक्याच्या कचेरीनं मंजुरी दिली ती शोकसभेची. मंडळाच्या कामकाजाची दिलेली नाही. जमादारसाहेब दाराशी उभे आहेत. त्यांना तकलीफ होईल असं सरकारबद्दल मी काहीएक बोलणार नाही. मी बोलणार आहे ते नानांबद्दल, आणि माझ्याबद्दल.

माझी गोष्ट इथं बहुतेकांना माहीत आहे. हैदराबादला कॉलेजात होतो. एका घरी एक लग्न ठरतंय असं कळलं, आणि परीक्षा टाकून मी गावी आलो. ज्यासाठी आलो ते झालं नाही. त्या घरी लग्नाच्या मागणीचा माझा शब्द गेला नाही, दुसऱ्या कुणाचा गेला. परीक्षाही गेली. गाव हसलं. वडील बोलायचे बंद झाले. तेव्हा नानांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “अक्षर चांगलंय तुझं. मंडळाचं लिहिणं कर. डोकं गरम असलं तरी चालंल, हात थंड ठेव.”

मंडळाचं लिहिणं म्हणजे काय, ते बाहेरच्या मंडळींना सांगतो. एखादा वैद्य चुकीचं वागला, तर रोग्यानं कुणाकडं जावं? सरकार ऐकत नाही. गाव वैद्याला घाबरतं, उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं. म्हणून नानांनी पायंडा पाडला. वैद्यावरची तक्रार वैद्यांनीच ऐकायची. लेखनिकानं ती तक्रारदाराच्या तोंडून लिहून घ्यायची. मग नाना ती त्याला एकेक वाक्य वाचून दाखवत, आणि दर वाक्यानंतर विचारत, “हे तुझं हाय का?” तो ‘माझं’ म्हणाला तरच पुढचं वाक्य. त्यानंतर नाना स्वतः जाऊन रोग्याला बघत. आणि मग, शेवटी, वैद्याला एकट्याला बोलावत. निकाल होईपर्यंत वैद्याचं नाव नानांच्या ओसरीच्या बाहेर जात नसे. आज इथं बसलेल्यांपैकी कितीजण त्या ओसरीवर बसून आले आहेत, ते मला माहीत आहे. मी कुणाकडं बघत नाही, तुम्हीही बघू नका.

पहिल्याच दिवशी नाना म्हणाले होते, “जे बोलतील ते लिहायचं. बोलतील तसंच.” एवढं सोपं काम. ते मला जमलं नाही.

फाल्गुनात सखाराममामा आले. ते बघा, दारात, घोंगडी पांघरून उभे आहेत. जवळा बाजारच्या बाजूला त्यांची मेंढरं असतात. त्यांनी मला जे सांगितलं ते पाच वाक्यांत होतं. बायकोचे सांधे धरले. मी वैद्याकडं गेलो. वैद्यानं तिला न बघताच पुडी दिली. पुडी खाल्ली अन् तोंड आलं, दात हलाया लागले. सांगाया गेलो तं म्हनले, पथ्य मोडलं असंल.

संपलं. पाच वाक्यं.

मी विचारलं, वैद्य कोण? त्यांनी नाव सांगितलं. मंडळी, ते नाव मी आज घेणार नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण बाजारच्या दिवशी हॉटेलात बाकावर उभं राहून मी ते ओरडून सांगितलेलं आहे. त्या घरी ज्यांचा शब्द गेला, तेच हे वैद्य.

माझं रक्त तापलं. मी पाचाची नऊ वाक्यं केली. मी लिहिलं, वैद्यांना तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा ते आले नाहीत. मी लिहिलं, औषध भेसळीचं होतं. मी लिहिलं, असे बिघडवलेले रोगी आणखीही आहेत. आणि शेवटी लिहिलं, हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

तक्रार वाचायचा दिवस आला. नाना वाचतात, “हे तुझं हाय का?” सखाराममामा म्हणतात, “माझंच.” प्रत्येक वाक्याला माझंच. तीनदा बोलावलं? माझंच. भेसळ? माझंच. शेवटच्या वाक्यावर नाना थांबले.

“सखाराम, अक्षम्य म्हंजे काय रे?”

“ते लिवनाऱ्या दादाला म्हाईत.”

“मग तुझं कसं काय ते?”

“दादानं माज्यासाठी लिवलं, तवा माजंच की. परक्यासाठी कोन येवढं लिवतं, नाना?”

ओसरीवरचे दोघेतिघे हसले. मीही हसलो. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. “वसंता, बाकीचं याचंच हाय ना? तीनदा बोलावलं ते? आणखी रोगी हायेत ते?” आणि मी म्हणालो, हो नाना, त्यांचंच.

त्या वेळी मी ‘नाही’ म्हणालो असतो तर?

हॉटेलातल्या प्रकारानंतर त्या वैद्यांकडचे रोगी कमी झाले. नानांनी मला एकट्याला बसवून घेतलं. “काहून केलंस हे? निकाल लागायच्या आधी तू त्याला शिक्षा देऊन बसलास. आता मी काय देऊ?” मी काहीतरी उलट बोललो. ते शांतपणे म्हणाले, “तुझं लगीन मोडलं म्हणून त्याचं औषध बिघडत न्हाई. आन् त्याचं औषध बिघडलंच असंल, तर तुझं लगीन मोडलं म्हणून ते सुटतबी न्हाई. दोन्ही वेगळं ठेव.”

मी ठेवलं नाही. खरं सांगायला अजूनही वेळ होता. मी सांगितलं नाही.

नाना गंगूबाईंना बघून आले. सखाराममामांच्या त्या घरधनीण. दोन दात गेलेले, बाकीचे हलतात. भाकर दुधात कुस्करून खातात. नानांनी त्यांचं तोंड पाहिलं, पुडीचा कागद उलगडून निरखला, आणि परत आल्यावर मला म्हणाले, “पारा हाय. पाऱ्याचं औषध रोग्याला बघितल्याबिगर द्यायचं न्हाई, हे पोरसवदा वैद्यालाबी ठाऊक असतं.” म्हणजे सखाराममामांची पाच वाक्यं खरी होती. तक्रार तेवढ्यावर उभी राहत होती. तिला माझ्या चार काठ्यांची गरज नव्हती.

पण त्या चार वाक्यांत लिहिलं होतं, आणखी रोगी आहेत. लिहिलं आहे म्हटल्यावर नाना ते सोडणार कसे? वैशाख चालू होता. मी म्हणालो, नाना, थांबा, पाऊस पडू द्या. ते म्हणाले, “पाऊस पडंपर्यंत एखादा रोगी पुडी खात बसला असंल तर?” औंढ्यापर्यंत मोटारीनं गेले, पुढं छकड्यानं. तीन दिवस वाडीवाडीला आणि मेंढरांच्या वाड्यावाड्यांवर विचारत हिंडले. नसलेले रोगी शोधत. कुणीच सापडलं नाही. सापडणार कसं? ते माझ्या दौतीत होते.

परत आले ते ताप घेऊन. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऊन बाधलं की आधीच छाती कमजोर होती, ते तुम्ही वैद्य आहात, तुम्ही ठरवा. मी फक्त एवढं सांगतो की ते त्या बाजूला दुसऱ्यांदा कशासाठी गेले.

काय म्हणालात, काका? ही वेळ नाही? मग कुठली वेळ? तेराव्यानंतर मी हे बोललो असतो, तर ऐकायला तुम्ही आला असतात? बसा काका. फार नाही राहिलं.

तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी काकू पेज घेऊन आत गेल्या, त्यांच्या मागोमाग मी गेलो. काकू, तुम्ही तिथंच होतात. मी पायाशी बसलो आणि चारही वाक्यं सांगितली. मला वाटलं नाना रागावतील. ते डोळे मिटून ऐकत होते. मी म्हणालो, आत्ता खोडून टाकतो. तर म्हणाले, “खोडू नको. खोडलं की उद्या कुणी म्हणंल, सगळंच खोडलं. शेजारी लिही, हे माझं. खाली सही कर.” मग म्हणाले, “बाकी पाचाला हात लावू नको. ती सखारामची हायेत.”

त्यानंतर वैद्याला बोलावायचं राहिलं. नाना गेले.

आता गेले आठ दिवस मी काय ऐकतोय? मंडळातलेच काही म्हणतात, लेखनिकानं खोटं लिहिलं, म्हणजे तक्रार खोटी. काही म्हणतात, तक्रार नानांबरोबर गेली, आता मढं उकरू नये. कुणी तर मला पाठीवर हात ठेवून सांगितलं, वसंता, तू पुढचं कॉलेज कर, आम्ही हे विसरू. मंडळी, माझ्या खोटेपणाचा एवढा उपयोग होईल, असं मला वाटलं नव्हतं. मी ज्यांना बुडवायला निघालो, त्यांनाच माझं खोटं तारून नेतंय. आणि बुडतंय कोण? ज्या माणसानं पाच वाक्यं खरी सांगितली तो.

आज सकाळी सखाराममामा मला धर्मशाळेच्या पायरीवर भेटले. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, “उठ लेकरा. तुज्यावर राग न्हाई माजा. येवढंच सांग, नाना गेले, आता मी कुनाला सांगू?”

म्हणून मी इथं उभा राहिलो. भाऊसाहेब, तो प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवतो. त्यांनी कुणाला सांगावं?

त्या वैद्यांना मी आता, सगळ्यांसमोर, हात जोडतो. ते इथं आले, समोर बसून ऐकत राहिले, याला छाती लागते. चार वाक्यांसाठी आणि हॉटेलातल्या त्या दिवसासाठी मी तुमची माफी मागतो. पाच वाक्यांसाठी मागत नाही. ती मागायचा मला हक्क नाही, आणि त्या पाचांत सांगितलेलं माफ करायचा मंडळालाही नाही. त्या पाचांना उत्तर तुम्ही द्यायचं आहे. तुमच्या बाजूनं काही सांगण्यासारखं असेल, तर तेही लिहून घेतलं जावं, तुम्ही बोलाल तसंच. पण ते मी लिहिणार नाही. आजपासून मी मंडळाचा लेखनिक नाही.

हा तो कागद. नऊ वाक्यं आहेत. चारांच्या शेजारी ‘हे माझं’ लिहिलं आहे आणि सही केली आहे. कुठंही खाडाखोड नाही. चौरंगावर नानांची पगडी ठेवली आहे, तिच्यापुढं मी हा ठेवणार नाही. तिथं ठेवला तर तुम्ही त्यावर फुलं वाहाल, आणि उद्या निर्माल्याबरोबर तोही कयाधू नदीत जाईल. भाऊसाहेब, हा मी तुमच्या हातात देतो. आज निकाल देऊ नका, सुनावणी करू नका, तशी मंजुरी नाही. पण कागद हातात घ्यायला मंजुरी लागत नाही. जमादारसाहेब, लागते का?

नाही म्हणतात ते.

घ्या, भाऊसाहेब.

मी उभाच आहे.

घेतलात. उपकार झाले.

काकू, तुमच्याजवळ मी काही मागत नाही. मागण्यासारखं तोंड माझ्याजवळ नाही. नानांना मी शेवटचा नमस्कार केला तेव्हा त्यांचे पाय गरम होते, तापानं. तेवढं माझ्या हाताला राहिलं आहे, ते राहू द्या.

सखाराममामा, तुम्ही आत या. तिथं नका उभं राहू. पुढं या, भाऊसाहेबांच्या शेजारी जागा आहे.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू या. त्र्यंबकनानांसाठी दोन मिनिटं कुणीही बोलू नका. त्यानंतर बोला.