सहा तुऱ्यांची गोगलगाय

(१९४२चा आषाढ. राहुरीच्या मिशन शाळेमागं यशया मास्तरांचं घर. ओसरी.)

चांगुणा : बसायला न्हाई आले, मास्तर. उभ्या उभ्या इचारते नि जाते. माझा गोरख शिंगापूरला हुता, हे तुमाला कुनी सांगितलं?

मास्तर : चांगुणाबाई, आधी टेका तरी. तीन कोस चालत आलात.

चांगुणा : उद्या सकाळी माझा दीर मुळा नदीच्या काठाला दर्भाचा गोरख करून जाळनार हाय. बामनाला सांगावा गेला, न्हाव्याला गेला, भावकी गोळा झाली. सून माझी एकोनीस वर्सांची. पुष्पावतीचं कुंकू उद्या पुसत्याल. मी आडवी पडले, तर श्रीमंतराव भावजी म्हनले, वैनी, शिंगापूर जपान्यांच्या हाती पडून पाच महिने झाले, पोराचा कागुद न्हाई. आन् त्यो तितंच हुता हे काय मी म्हनत न्हाई, मास्तर म्हनलेत.

मास्तर : तिथं होता म्हणजे मेला, असं मी कधीच म्हटलं नाही. हजारो शिपाई कैदेत आहेत.

चांगुणा : भावकीच्या लेखी तितं असनं आन् मरनं येकच. म्हनून मुळालाच हात घालते. कुनी सांगितलं तुमाला?

मास्तर : त्याच्या चित्रानं. पौषात पत्र घेऊन तुम्हीच आला होता. पलटणीतून पाठवलेलं.

चांगुणा : व्हय. समुद्रातली लालभडक गोगलगाय. पाठीवर शंख न्हाई, कडंला पांढरी झालर. खाली तारीख हुती, आन् गावाच्या नावावर सरकारनं काळी शाई फिरवलेली. तुमचीच शिकवन ती. चित्र काढलं की खाली तारीख आन् जागा लिवायची.

मास्तर : माझीच. बोरीवरचा सुरवंट काढायचा तरी पाय मोजून काढायला लावायचो. दुसऱ्या कुणी त्या गोगलगाईच्या पाठीवर नुसता झुबका काढला असता. गोरखनं कल्ल्यांचे तुरे मोजून काढले होते. सहा. त्या सहांवरून मला तिचं नाव सापडलं. एका गोऱ्या पाद्र्याचं जुनं पुस्तक आहे माझ्याकडे, त्यात रंगीत चित्र होतं. तीच झालर, तेच सहा तुरे. आणि खाली छापलेलं, सिंगापूर.

चांगुणा : ते तुमी आमच्या गावच्या पारावर येऊन सांगितलंत.

मास्तर : मला बोलावलं होतं. श्रीमंतराव स्वतः बाजूला सरकले, म्हणाले, बसा मास्तर इथं. माझ्या आज्याला त्या पाराच्या सावलीतसुद्धा उभं राहू देत नव्हते. मी बसलो. चाळीसेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. सरकार लपवतंय ते मास्तरानं गोगलगाईवरून हुडकलं, असं कुणीतरी म्हणालं. मला फार बरं वाटलं, चांगुणाबाई.

चांगुणा : मला बी वाटलं. पोराचा ठिकाना कळला म्हनून घरोघर गूळ वाटला मी. मग महिन्याभरात शिंगापूर पडलं.

मास्तर : हो.

चांगुणा : आता येवढंच सांगा. ती गोगलगाय शिंगापूरलाच असती? दुसरीकडं कुटंच न्हाई?

मास्तर : त्याचं असं आहे...

चांगुणा : माझ्याकडं बगून बोला.

मास्तर : मुंबईला प्राण्यांचे एक जाणकार आहेत. चित्राची नक्कल करून त्यांना पाठवली होती. नाव बरोबर आहे म्हणाले, पोराच्या हाताची तारीफ केली. पण ही गोगलगाय तांबड्या समुद्रात आहे, आफ्रिकेच्या काठाला आहे, सिलोनला आहे, सिंगापूरला आहे, त्याच्याही पलीकडे आहे. पुस्तकवाल्याला ती सिंगापूरला सापडली, म्हणून त्यानं सिंगापूर लिहिलं. मी ते तिचं गाव धरलं.

चांगुणा : म्हंजी राहुरीला बाभळ दिसली, तवा कर्जतला बाभळ न्हाईच, असं झालं की हे.

मास्तर : तसंच झालं. वर्गात पोरानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

चांगुणा : ममईचा कागुद कवा आला?

मास्तर : जूनच्या शेवटी.

चांगुणा : म्हंजी वटपुनवेला.

मास्तर : त्याच सुमारास.

चांगुणा : त्या दिशी माझी सून वडाला सूत गुंडाळत हुती. बाया कुजबुजत हुत्या, ही कुनासाठी गुंडाळती म्हनून. तिनं ऐकलं, तरी सात फेरे पुरे केले. आन् तुमच्या घरात हा कागुद हुता. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी सोडून दिलं असतं, मास्तर. मानूस चुकतं. पन महिनाभर तोंडाला कुलूप?

मास्तर : दोनदा वेशीपर्यंत आलो नि परत फिरलो. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला ती पारावरची जागा सोडवत नव्हती. लाज वाटते सांगायला.

चांगुणा : वाटू द्या.

मास्तर : मी आत्ता येतो तुमच्याबरोबर. सांगतो, तो तांबड्या समुद्राकडे आहे. तिकडे जपानी नाहीत, जिवाला धोका नाही. मुंबईहून तसं कळलं म्हणतो. माझं ऐकतील.

चांगुणा : आन् खरंच त्यो तिकडं हाय?

मास्तर : असू शकेल.

चांगुणा : मग तसलं काय बोलू नका. येकदा तुमच्या शब्दावर लेक शिंगापूरला धाडून बसले, आता पुन्यांदा दुसरीकडं न्हाई धाडायचा मला. चारचौघांत उभं ऱ्हावा आन् म्हना, मी चुकलो. त्यो कुटं हाय हे मला ठावं न्हाई.

मास्तर : एवढ्यानं श्रीमंतराव थांबतील?

चांगुणा : थांबावंच लागंल. ज्याचा ठावठिकाना न्हाई, त्याची बारा वर्सं वाट बगायची, मगच पुतळा जाळायचा. वाडवडलांची रीत हाय. भावजींला बी ती मोडता येत न्हाई.

मास्तर : पुन्हा मला पारावर कुणी बसवायचं नाही.

चांगुणा : न्हाई बसवनार. ते मी तुमाला खोटं सांगनार न्हाई.

मास्तर : आणि बारा वर्षांनी पुष्पावती एकतीस वर्षांची होईल, चांगुणाबाई. गोरख तोवर आलाच नाही तर? तिचं सगळं वय तुम्ही वाट बघण्यात घालवणार. त्या पोरीला कुणी विचारलंय का?

चांगुणा : मी कुटली इतक्या लांब येती? मी तर सकाळपास्नं चुलीपाशी रडत बसले हुते. तिनंच उठवून धाडलं मला. म्हनली, आत्याबाई, मास्तरांला सांगा, मला बारा वर्सं पायजेत.