जपून ठेवणारी सून

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या नेवेनाला शेजारच्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. म्हातारी स्तोयांका घरी शिवलेल्या अभ्र्यावर गुलाब भरत होती. तिची शेजारीण पेन्का ते निरखत होती.

“सोफियातल्या सुनेसाठी वाटतं?”

“हो गं पेन्का. माझ्या हातचं तिला इतकं आवडतं, की वापरवतच नाही. पडदे शिवून दिले, तेही कपाटात.”

“मग खिडक्यांना काय?”

“विकतचे. माझे उन्हानं विटतील म्हणते.”

“आणि टेबलक्लॉथ?”

“त्याची तर घडीसुद्धा मोडली नाही. जिवापाड जपते पोरगी.”

“माझ्या सुनेला कुठली एवढी कदर! मी शिवलेला एप्रन रोज घालते. टोमॅटोचे डाग काय, नातवंडं त्यालाच नाक पुसतात काय!”

“अगंबाई! आणि तू गप्प बसतेस?”

“काय बोलणार? फाटला की दुसरा मागते. गेल्या महिन्यात तिसरा दिला.”

“स्वतः मागते?”

“फोन करून.”

स्तोयांकाची सुई कापडातच राहिली. मग अर्धवट गुलाबावरून अंगठा फिरवत ती म्हणाली,

“नशीब बाई एकेकीचं. माझी बिचारी कधी काही मागत नाही.”