लाल रेघेवरचा काटा

मोटारीतल्या काट्यांचं एवढं कौतुक चाललंय, तर चहा येईपर्यंत माझंही ऐका. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. आमच्या हिच्या पोटात कळा, अंगात ताप. औंधहून सांगलीच्या दवाखान्यात निघालो होतो. गाडी माझी, चालवायला दगडू. तासगावच्या अलीकडे इंजिनाच्या उष्णतेचा काटा एकदम लाल रेघेवर गेला.

"थांबव," मी म्हणालो. "इंजिन जळेल."

दगडूनं बॉनेट उघडून रेडिएटरवर पालथा हात ठेवला. "सायेब, तापल्यालं न्हाई. वाफ न्हाई, वास न्हाई. काटाच खोटा बोलतोय."

"काटा खाली येईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं पुस्तकात लिहिलंय."

"आवं, पुस्तकाला हात लावून कळतंय व्हय?"

मागच्या सीटवरून ही म्हणाली, "आधी गाडीचा ताप उतरू दे. मग माझा बघू."

आम्ही दोघंही हसलो, आणि तासभर थांबलो. काटा हलेना.

शेवटी दगडूनंच काट्याची तार शोधली. वरचं रबर झिजून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकली होती, तेवढ्यानंच काटा चढून बसला होता. त्यानं चिंधी गुंडाळली, काटा खाली आला.

सांगलीला पोचलो तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. चौथ्या दिवशी ही गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, वाटेत गाडी तापली. दगडू शेजारीच उभा असायचा. तापली नव्हती, असं तो एकदाही म्हणाला नाही.