तिचा उजवा हात

मॅडम : फोटोत तूही उभं राहायचंस, हं. ती मधे, तू बाजूला. खाली लिहू, ‘हात मोडला, जिद्द नाही.’ माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर. विद्यार्थी साहाय्य केंद्र सुरू होऊन अकरा वर्षं झाली, पण आपला लेखनिक घेऊन कुणी विषयात पहिलं आलंय, हे आत्ताच.

लेखनिक : मॅडम, मी फोटोसाठी नाही आले. दार लावू का?

मॅडम : लाव बाई. पण चेहरा असा नको करूस, कुणी गेल्यासारखा.

लेखनिक : तिच्या पेपरात पाच उत्तरं मी बदलली.

मॅडम : बदलली म्हणजे? शुद्धलेखन सुधारलंस?

लेखनिक : नाही. औषधाच्या मात्रेची गणितं होती. तिने सांगितलं एक, मी लिहिलं दुसरं.

मॅडम : तुला काय कळतंय त्यातलं! नर्सिंगच्या पेपरला इतिहासाची मुलगी दिली, ती कशाला? लेखनिक दुसऱ्या विषयाचाच हवा, नियम आहे तो.

लेखनिक : फॉर्मवर विषय विचारला होता मॅडम, घरी काय चालतं ते कुठे विचारलं होतं? माझ्या धाकट्या भावाला फिट्स येतात. सातवीत होते तेव्हापासून त्याचं औषध मीच सिरिंजने मोजून देते. एका मिलिलिटरमध्ये औषध किती मिलिग्रॅम, ते बाटलीवर बघायचं आणि मग भाग द्यायचा. ती भागच देत नव्हती. प्रश्नात तीन मिलिग्रॅम असलं, की सरळ तीन मिलिलिटर सांगायची.

मॅडम : मग काय होतं त्याने?

लेखनिक : मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमचं औषध असेल, तर पोटात दहापट जातं.

मॅडम : अगं, मग ती सांगेल ते लिहायचं होतंस! नापास झाली असती, पुन्हा बसली असती. तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?

लेखनिक : हात चालेना मॅडम. एकदा आमच्या हातून भावाला जास्त गेलं होतं. दोन दिवस डोळे उघडले नाहीत त्याने. तेव्हापासून जास्तीचा आकडा मला कागदावरसुद्धा लिहवत नाही. म्हटलं, कागदच तर आहे, कुणाचं काय बिघडतंय.

मॅडम : कुणाला बोललीस हे?

लेखनिक : तुम्हालाच.

मॅडम : मग इथेच राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या दहा वाजता आपल्या त्या दृष्टिहीन मुलाचा पेपर आहे. परीक्षा विभागात आधीच टोमणे मारतात, ‘पेपर तुमची मुलं देतात की लेखनिक?’ हे बाहेर पडलं, तर त्याच्या शेजारी कुणालाच बसू देणार नाहीत. चौदा मुलं आहेत माझ्याकडे अशी. तुझ्या एका उपकारापायी चौदा जणांच्या पोटावर पाय!

लेखनिक : आणि वॉर्डातले पेशंट, मॅडम?

मॅडम : हळू बोल. ती हॉस्पिटलात रुजू होणार सोमवारी, आज गुरुवार. उद्यापासून तिला आपल्या गणिताच्या बाईंकडे बसवते. सांगते, नोकरीआधी आम्ही सगळ्यांचीच उजळणी घेतो. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

लेखनिक : मला तिला खरं सांगायचंय. झोप लागत नाही हो.

मॅडम : सोमवारच्या आत आभाळ कोसळत नाही. डोळे पूस. ती येईलच इतक्यात.

(दारावर टकटक.)

सिस्टर : येऊ का? अगं बाई, माझा उजवा हात इथेच आहे! बघ, मूठसुद्धा वळते आता. दाब, दाब जोरात, दुखत नाही.

मॅडम : ये गं. गणवेशातच आलीस? छान दिसेल फोटोत.

सिस्टर : फोटोसाठी नाही हो, ड्यूटीवरून थेट येतेय. दोघीजणी अचानक रजेवर गेल्या, म्हणून मला कालपासूनच बोलावून घेतलं. आणि वॉर्ड कुठला, सांगा? लहान मुलांचा!

लेखनिक : तिथे... औषधं कोण देतं?

सिस्टर : काल मोठ्या सिस्टर माझ्याबरोबर होत्या. आज मी एकटी! मी म्हटलंसुद्धा, आकडा एकदा नजरेखालून घालता का? तर म्हणाल्या, ‘हातच्या कंकणाला आरसा कशाला? मात्रेच्या पेपरात पहिली आलेली पोर तू!’ खरं सांगू, आधी मला या गणिताची इतकी धास्ती होती, मैत्रिणीला दहादा विचारायचे. निकाल लागला आणि भीतीच गेली. आता वहीसुद्धा उघडत नाही.

मॅडम : बस जरा. पाणी घे.

सिस्टर : अहो, ऐका तर. सात नंबरच्या खाटेवर एक बाळ आहे, आठ महिन्यांचं. सकाळपासून नुसतं किंचाळत होतं, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलेला. डॉक्टरांनी शांत करायचं औषध लिहून दिलं. बाराला पाजलं, आणि अर्ध्या तासात असं गाढ झोपलं म्हणता! त्याची आई माझा हात धरून रडली. म्हणाली, आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता, सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे.

लेखनिक : डॉक्टरांनी किती लिहिलं होतं?

सिस्टर : तीन मिलिग्रॅम.

लेखनिक : आणि तू किती दिलंस?

सिस्टर : तीनच की. मोजून, तीन मिलिलिटर.

लेखनिक : बाटलीवर काय होतं? एका मिलिलिटरला किती?

सिस्टर : दहा. का गं? अशी काय बघतेस? पेपरातसुद्धा मी असंच सोडवलं होतं. तूच तर लिहिलंस.

लेखनिक : मी ते लिहिलं नाही, ताई.

सिस्टर : काय नाही लिहिलंस?

लेखनिक : तू तीन म्हणालीस, मी पॉइंट तीन लिहिलं. पाचही उत्तरं अशीच बदलली. चुकले गं मी. तुझे मार्क तुझे नाहीत.

सिस्टर : चेष्टा करतेय ना ही? मॅडम, सांगा ना हिला.

मॅडम : पुढचा डोस कधी आहे त्याला?

सिस्टर : चारला. मोठ्या सिस्टरांना शोधाशोध नको, म्हणून त्याच्या औषधाच्या कार्डावर ठळक लिहून आले मी. तीन मिलिलिटर. खाली रेघसुद्धा मारली.

लेखनिक : मॅडम, घड्याळ तुमच्या मागे आहे. किती वाजले?

मॅडम : चार वाजून सहा. हा घे, माझा फोन घे. वॉर्डात लाव. आधी लाव!

सिस्टर : पण मी पहिली आले ना...

लेखनिक : ताई, नंबर लाव!

सिस्टर : बोटंच चालत नाहीयेत माझी. नंबर पाठ आहे. तू दाब, मी सांगते. सांगेन तेच दाबशील ना?

लेखनिक : तेच दाबते. सांग लवकर.

सिस्टर : पाच... दोन... नऊ, नऊ... एक... शून्य. हं, वाजतोय. हॅलो? मोठ्या सिस्टर, मी बोलतेय. सात नंबरचं बाळ, त्याला उठवा! नाही, आधी उठवा त्याला, डॉक्टरांना बोलवा, माझं चुकलंय हो, ऐका ना!

मॅडम : काय म्हणताहेत?

सिस्टर : म्हणताहेत... ओरडू नकोस, सगळी मुलं जागी होतील. चारचा डोस तुझ्या कार्डाप्रमाणेच दिलाय. बाळ रडलंसुद्धा नाही.