सीव्हीचं तिसरं पान

नाही, पण मला एक सांगा, ‘प्रिंट’ असं लिहिलेलं बटण दाबलं की कागद बाहेर यायला पाहिजे की नको? पाहिजे ना? मग! मी आपला प्रिंटरसमोर हात पुढे करून उभा, देवळात तीर्थ घ्यायला उभं राहतात ना, तस्सा… आणि कागदाचा पत्ता नाही! पुन्हा दाबलं, पुन्हा उभा. प्रिंटरचा दिवा हिरवागार, पण घरघर नाही, खोकला नाही, काही नाही! आणि आमची कन्या, इरा, वय अकरा, जन्म शारजाचा, ती सोफ्यावर लोळत म्हणते कशी, ‘बाबा, नथिंग विल कम आउट. इट्स अ पीडीएफ.’ अगं, मग त्याला प्रिंट कशाला म्हणायचं? जेवायला बसा म्हणायचं आणि ताटाचा फोटो दाखवायचा, असला प्रकार! तर म्हणते, ‘बाबा, चिल. इट्स अ टू मिनिट जॉब.’

दोन मिनिटांचं काम! तुम्हाला सांगतो, हे वाक्य त्या दिवशी मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आता कुणी मला दोन मिनिटांत मॅगी होते म्हणालं तरी माझा विश्वास बसत नाही.

साल दोन हजार नऊ. आठवतंय ना? दुबईच्या क्रेन होत्या तिथेच माना वाकड्या करून थांबलेल्या. शारजात आमच्या अल नहदाच्या टॉवरमध्ये लिफ्टमध्ये रोज नवी चिठ्ठी… ‘गोइंग बॅक टू इंडिया, फ्रिज फॉर सेल.’ आधी आम्ही वाचून हळहळायचो, मग किंमत बघायला लागलो, आणि एक दिवस मृणालिनीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, हळूच विचारलं, ‘आपल्या फ्रिजचं काय येईल हो?’ कारण आमच्या कंपनीनं मलाही खलास केलं होतं! मी क्वांटिटी सर्व्हेअर. म्हणजे कंत्राटदारानं बिल आणलं की भिंत खरंच तेवढी बांधली आहे का, ते मोजायचं आणि मग सही करायची. आता नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की महिनाभरात दुसरी नोकरी शोधा नाहीतर विमान पकडा, आणि इकडे इराची सहावी अर्धी झालेली. मधेच शाळेतून काढून पोरीला न्यायचं कुठं? रात्री झोप लागायची नाही हो… खोटं कशाला सांगू!

आणि अशात अबुधाबीहून फोन! मुसफ्फातली कंपनी, काम अगदी माझ्याच लाइनमधलं. फोनवरचा तो गडी म्हणतो, ‘सर, सीव्ही ओन्ली पीडीएफ. वर्ड फाइल नो. टुडे थर्सडे, वन ओ’क्लॉक क्लोज. टू मिनिट्स वर्क, सर, यल्ला!’ चला लवकर म्हणे! यल्ला काय यल्ला! एक वाजता बंद म्हणजे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि रविवारी सकाळी माझ्या खुर्चीत दुसरा कुणीतरी चहा पीत बसणार!

बसलो. पीडीएफ करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. फुकट म्हणजे कसं, तर माझ्या सीव्हीवर, फोटोवरून, बरोब्बर नाकावरून, तिरक्या भल्याथोरल्या अक्षरात ‘ट्रायल’! आता नोकरी मागायला निघालेल्या माणसाच्या तोंडावर ट्रायल लिहिलेलं बरं दिसतं का? अहो, सासऱ्यांनीसुद्धा लग्नात एवढं उघड लिहिलं नव्हतं! ते काढलं, दुसरं उतरवलं. त्याचा कागद अमेरिकेच्या मापाचा, आपल्या एफोरपेक्षा आखूड, त्यामुळे खालचं सगळं कापलेलं. आणि माझा फोन नंबर कुठे? सगळ्यात खाली! म्हणजे उमेदवार उत्तम, पण सापडणार कुठं ते विचारायचं नाही. ते माप बदलायला अर्धा तास गेला. कशाचं काम होतं? दोन मिनिटांचं!

आणि मग आलं ते तिसरं पान. तुम्हाला सांगतो, सीव्ही दोन पानांचा. मी लिहिलेला, मीच मोजलेला. पीडीएफमध्ये तीन पानं! तिसरं कोरं. एक अक्षर नाही, ठिपका नाही, पांढरं फटक! मी म्हटलं हे काय भूत? काढायला जावं म्हणून कर्सर शेवटाला नेला, डिलीटवर बोट ठेवतोय तोच मृणालिनी चहा घेऊन हजर. ‘अहो, कशाला हात लावता? वरचं सगळं विस्कटेल. कोरं पान तुमचं काय खातंय?’ बरं म्हटलं. चहा प्यालो. पुन्हा डिलीट… की ही पोहे घेऊन! ‘अहो, गरम आहेत तोवर खा.’ लग्नाला बारा वर्षं झाली, सकाळच्या अकराला मला पोहे कधी मिळाले नाहीत. संशय यायला हवा होता की नाही? पण माझं लक्ष घड्याळाकडे!

आता इथे एक सांगायला पाहिजे. हिचं माहेर सांगली. गणपतीचं गाव. यांच्याकडे वाण्याच्या यादीवरसुद्धा वर ॥ श्री ॥ घालतात, मग खाली तूरडाळ. तर सीव्ही लिहिला तेव्हा ही म्हणाली, ‘वर ॥ श्री ॥ घाला.’ मी म्हटलं, ‘अगं, तिथे कोण वाचणार आहे, कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा… सीव्ही आहे की लग्नपत्रिका? अजिबात नाही!’ तर म्हणाली, ‘बरं.’ बायको इतक्या पटकन ‘बरं’ म्हणाली की शहाण्या नवऱ्यानं उठून सगळं घर तपासावं. मी तपासलं नाही!

शेवटी वरच्या मजल्यावरच्या विजयकुमारांना बोलावलं. आयटीतला माणूस. म्हणजे त्यांचीही नोकरी गेलेली, पण टाय रोज लावायचे, घरात, लेंग्यावर. आले, खुर्ची ओढली, वैद्यानं नाडी धरावी तसा माउस धरला आणि डोळे मिटून म्हणाले, ‘सुजीतराव, हे मार्जिनचं दुखणं आहे. कोरं पान राहू द्या. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला नोट्स काढायला होतं.’ मी म्हटलं वा! काय माणूस आहे! पाठवलं. तर मेल उलटा परत आला, फाइल फार मोठी म्हणे! अहो, दोन पानांचा माणूस मी, त्यातलं निम्मं पान पत्ता, मोठं काय आहे त्यात? ‘फोटो रंगीत आहे ना,’ विजयकुमार म्हणाले, ‘रंग काढून टाकू. दोन मिनिटांचं काम!’ आणि कुठल्या तरी खिडकीच्या पोटात दुसरी खिडकी, तिच्या पोटात तिसरी, तिथे एक चौकोन होता, ‘सगळी अक्षरं काळी करा’… तिथे टिचकी मारली. माझा फोटो असा काही काळा झाला की पोलीस शोधात असावेत! पण फाइल झाली लहान. पावणेएक वाजलेले. उघडून बघू का म्हणालो, तर हे म्हणाले, ‘बघायचं काय त्यात?’ पाठवली! गेली! विजयकुमारांनी टाय सैल केला, मी त्यांना मिठी मारली, मृणालिनीनं देवापुढे साखर ठेवली…

आणि सोफ्यावरून उठून ती फाइल उघडलेल्या इराचा आवाज, ‘बाबा, द थर्ड पेज इजन्ट ब्लँक.’

म्हटलं, काय? तर म्हणते, ‘इट्स इन मराठी. बाबा, व्हॉट इज… ता… प… ट?’

तुम्हाला सांगतो, मी मृणालिनीकडे बघितलं आणि मृणालिनीनं पंख्याकडे बघितलं. पांढऱ्या अक्षरात! पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं बाईनं, मी अंघोळीला गेलो तेव्हा! म्हणजे माणसांना दिसायचं नाही आणि देवाला दिसणार. सगळी अक्षरं काळी केल्यावर गणपतीचं सगळं टपाल उघड्यावर! आणि इरा एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचतेय, कारण हिनंच तिला मराठी शिकवलेलं, आणि विजयकुमार मान डोलवत ऐकतायत!

‘॥ श्री ॥ बाप्पा, वरची दोन पानं तू फार मनावर घेऊ नकोस. टीम लीडर लिहिलंय, पण टीममध्ये हे आणि एक मुनीर, तोही अर्धा दिवस. कॉम्प्युटर एक्स्पर्ट म्हणवतात, पीडीएफ अजून जमत नाही. अरबी उत्तम म्हणजे यल्ला, खलास आणि इन्शाल्ला. प्रेशरखाली शांतपणे काम करतात हे तर साफ खोटं, प्रेशर आलं की माझ्यावर ओरडतात. तापट आहेत. पण बाप्पा, इतकी वर्षं झाली, न मोजता यांनी एकाही बिलावर सही केली नाही. साहेबानं सांगितलं तरी केली नाही, म्हणून तर सगळ्यात आधी यांना काढलं. ही एवढी एकच गोष्ट लिहिण्यासारखी, ती यांनी कुठेच लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. पोरीची शाळा मोडू देऊ नकोस. नोकरी दे.’

आता सांगा, माणसानं चिडायचं की काय करायचं? मी ओरडायला तोंड उघडलं, आणि ती साहेबाची ओळच पुन्हा वाचायला लागलो… कारण साहेबाचं ते मी हिला कधीच सांगितलं नव्हतं हो. कुठून कळलं होतं कोण जाणे. पण तोंड उघडलंच होतं, म्हणून ओरडलो, ‘अगं, बाप्पाला सांगायचं तर मनातल्या मनात सांगता येत नाही?’ तर ही शांतपणे म्हणते, ‘मनात सांगायला लागले की तुम्ही मधे हाक मारता.’ घ्या! ‘विजयकुमार, मेल परत बोलावता येतो का?’ ‘येतो की, दोन मिनिटांचं काम,’ असं म्हणून त्यांनी काहीतरी दाबलं… आणि तो मेल दुसऱ्यांदा गेला!

शुक्रवार-शनिवार कसे काढले ते विचारू नका. लिफ्टमध्ये लावायची चिठ्ठीसुद्धा मी लिहून ठेवली. फ्रिज, सोफा, प्रिंटर. प्रिंटर ठळक अक्षरात!

रविवारी सकाळी फोन. बाईंचा आवाज. ‘नमस्कार, शहनाझ बोलतेय, मुसफ्फाहून. मी मूळची मिरजेची बरं का.’ मिरज! सांगलीच्या शेजारचं मिरज! एवढ्या मोठ्या एमिरेट्समध्ये माझा सीव्ही पोचला कुणाकडे, तर मिरजेच्या बाईंकडे! म्हणजे तिसरं पान अक्षर न् अक्षर वाचलेलं. मी खुर्चीत बसलो. तर म्हणतात, ‘सर, दोन पानं ठीक आहेत, तसली आमच्याकडे ढिगानं आलीत. तिसरं कुणी लिहिलं?’ म्हटलं, ‘मिसेसनं.’ ‘काय करतात त्या?’ ‘घरी असतात.’ ‘शिक्षण?’ ‘सिव्हिल इंजिनियर.’ ‘मग घरी का हो?’

तुम्हाला सांगतो, त्या फोनवर इतके प्रश्न झाले, सगळ्यांना उत्तरं दिली मी. एवढ्या एकाचा मी बोटांवर हिशेब मांडायला लागलो. इरा झाली, मग माझं प्रमोशन झालं, मग… मग काय, राहिलंच ते. ती डिग्री कपाटात साड्यांखाली.

शहनाझबाई म्हणाल्या, ‘असं बघा, या मंदीत प्रत्येक कंत्राटदार आमच्याकडं सुंदर सुंदर रिपोर्ट आणून देतोय. मला ते वाचून खरं काय आहे ते शांतपणे लिहिणारं माणूस पाहिजे. तुम्ही चांगले आहात, पण जागा एकच आहे. मॅडमना फोन द्या.’ मी फोन दिला. आणि उभा राहिलो, प्रिंटरसमोर राहिलो होतो तसाच. ही नुसती ‘हो’ म्हणाली, ‘हो’ म्हणाली, मग एकदम सांगलीच्या आवाजात हसली. असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

झालं! गेली. इंटरव्ह्यू झाला, नोकरी लागली. इंजिनियरबाई असली की नवऱ्याला आपल्या व्हिसावर ठेवता येतं, तसा मला ठेवला. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आलो, इराची शाळा बदलली पण बुडली नाही, लिफ्टमधली चिठ्ठी लावायची वेळ आली नाही. सकाळी ही मुसफ्फाला जाते, मी डबा भरतो. इरा मैत्रिणींना सांगते, ‘माय डॅड इज बिटवीन जॉब्ज.’ मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारतात, ‘तुम्ही मृणालिनीताईंचे मिस्टर ना?’ हो म्हणतो. काय करणार? आहेच!

आणि आता मलाही एक काम मिळतंय हो! छोटंसंच आहे, पण आपल्याच लाइनमधलं, मोजायचं आणि सही करायची. फक्त मी हिच्या व्हिसावर, म्हणून हिची एनओसी पाहिजे, माझी हरकत नाही असं लिहिलेला एक कागद. बारा वर्षं मी हिचा स्पॉन्सर होतो, म्हणजे ही माझ्या व्हिसावर. लायसन्सची एनओसी म्हणू नका, बँकेची म्हणू नका, हिच्या कितीतरी कागदांवर मी सह्या ठोकल्या. बाहेर न मोजता सही करत नव्हतो, पण हिचे कागद? एकदा वाचले असतील तर शपथ! तर मी कागद तयार केला, नेऊन पुढे ठेवला, पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं. हिनं चष्मा लावला आणि म्हणाली, ‘ठेवा तिथं. मी वाचल्याशिवाय सही करत नाही.’

दोन ओळी आहेत हो त्यात. दोन! रविवारपासून वाचतेय.