बारा तुकडे

मास्तर : …आणि आई म्हणायची, ‘डोळे मीट, बोट टेक, कापडाला चेहरा एक.’ सात वर्षांचा होतो मी, ताई. उलट-सुलट चुकलं की डोक्यात टपली बसायची.

ताई : म्हणून एवढे नामांकित शिंपी झालात. मग आजही आईचं ऐका. डोळे मिटा, हात माझ्या तळहातावर सैल सोडा. हा तंतू बोटाला टेकवते. कळला की ‘हो’ म्हणा.

मास्तर : नाही.

ताई : आता?

मास्तर : नाही.

ताई : मधल्या बोटाला?

मास्तर : लाकूड झालंय हो त्याचं. लाकडाला काय विचारता?

ताई : मनगटाशी कात्री लागली, नस तुटली, ती जोडून आठ महिने झाले. नस महिन्याला पेरभर वाढते, म्हणजे एव्हाना टोकाशी पोचायला हवी. कातडीत स्पर्श ओळखणारे बारीक कण असतात. नसेवाचून ते सुकतात. नस पोचली की पुन्हा जीव धरतात, कलम धरतं तसे. डॉक्टर सकाळीच म्हणाले, आजही ‘नाही’ आलं तर हात परत उघडायचा.

मास्तर : मग पुन्हा इथे यावं लागेल?

ताई : वर्षभर. दर मंगळवारी.

मास्तर : येऊ की.

ताई : लोकांना ऑपरेशन म्हटलं की घाम फुटतो, आणि तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे तयार.

मास्तर : घरी कोण वाट बघतंय? मशीनवर चादर टाकून ठेवलीय. सुनेचा फोन येतो, ‘बाबा, जेवलात?’ मी म्हणतो, जेवलो. तिचं विचारून होतं, माझं सांगून होतं.

ताई : बरं, शेवटची एक परीक्षा. डोळे मिटलेलेच असू द्या. या पिशवीत कापडाचे बारा तुकडे आहेत. याच हाताने एकेक काढून टेबलावर मांडा. खरखरीत, मऊ, काही जाणवलं तर बोला.

(मास्तर एकेक तुकडा काढून मांडतात.)

मास्तर : सगळे सारखेच. हवा चाचपावी तसं.

ताई : उघडा डोळे. हे तुकडे मी पिशवीत कसेही कोंबले होते, मास्तर.

मास्तर : मग?

ताई : बाराच्या बारा सुलट पडलेत. मखमलीची लवसुद्धा एकाच बाजूला.

मास्तर : हाताची सवय हो ती. साठ वर्षांची.

ताई : सवय असेल. पण कळल्याशिवाय हात तुकडा पलटेल कसा? आईने आज टपली मारली नसती तुम्हाला.

मास्तर : डॉक्टरांना सांगणार?

ताई : सांगावं लागेल. नाहीतर चांगला हात कापतील. केव्हापासून कळतंय?

मास्तर : पाच मंगळवार झाले. पहिल्यांदा तुमचा तळहातच कळला. गार होता.

ताई : आणि बोलला नाहीत?

मास्तर : त्या दिवशी माझ्याआधी एक बाई होत्या. मी बाकावर बसून बघत होतो. त्या ‘हो’ म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांचा हात तुमच्या तळहातावरून उचलून टेबलावर ठेवून दिलात.