रुक्माबाईनं रंगवलेली चाकं

हॅलो?… हाव, जयाच आहे… ऐकू येते का? थांब, टिनाखाली रेंज नाही, अंगणात येते… हं. बोल. नाही, नको बोलू, आधी मी बोलते. गॅसवर काही आहे का?… मंग तो बंद कर. बस खाली. फोन कानाशी धर, आणि पुसदहून मनानं इथं तांड्यावर ये, माझ्या बाजूले बस. अशी गोष्ट सांगते की आजची भाजी विसरशील.

अवं नाही, बा धडधाकट आहे. कोणी आजारी नाही, कोणाचं काही बिनसलं नाही. चाकाची गोष्ट आहे.

चाक. गाडीचं चाक… आपल्या डुक्कर फियाटचं… तीच, गोठ्यात उभी आहे ती. आपली माय, याडी, असती तर आता माझं तोंड धरलं असतं. आपल्या दोघींना डुक्कर म्हणाली असती, पण गाडीले म्हणू देत नव्हती. कीर्तनकार महाराज बसतात त्या गाडीत, फियाटबाई म्हणा, म्हणे… हाव ना… हसू नको, ऐक.

राळेगावचा नयन माहीत आहे ना? रामरावचा पोरगा, मोठी दाढी ठेवते तो… हाव, जुन्या गाड्यांच्या मागं लागलेला. नागपूरले जुन्या गाड्यांचा मेळा आहे, त्यात आपली गाडी न्यायची म्हणून किती दिवस बाच्या मागं होता. बा एकच बोले, गाडी गोठ्यात आहे ते गोठ्यातच राहील… काहून ते तुले माहीत आहे, मले पण माहीत आहे. म्हणूनच तं सांगून राह्यली.

तं आज सकाळी बा म्हणाला, पाहून घे, पण हात नको लावू. आणि नयननं पहिलं काम काय केलं असेल, तर हात लावला. चाकं पाहून तो चक्क खाली मांडी घालूनच बसला ना. म्हणे, ही चाकं कंपनीची नाहीत. बा म्हणे, नाहीतच. कंपनीची होती बारीक, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत रुतून बसायची. मंग बानं हायवेवरच्या मिस्त्रीकडून ती मधून कापून घेतली, पट्टी जोडली, रुंद केली. हे ऐकून नयनले प्रसाद मिळाल्यासारखा आनंद झाला.

अवं, त्यानं मले काय सांगितलं माहीत आहे? तिकडं दुसरं महायुद्ध संपलं, तवा अमेरिकेची पोरं घरी आली. त्यांनी काय केलं, आज्याच्या जुन्या गाड्या घेतल्या, कंपनीची चाकं काढून टाकली, भंगारातून दुसरी आणली, कोणी कापून रुंद केली, आणि वरून रंगवली. लाल. मंग दुधी. मंग गाडीच्या रंगाची… काहून म्हणजे? हौस. तिकडं काही पोळा नसते, तरी रंगवून राह्यले होते लोक. मंग म्हणे चकचकीत चाकांचा जमाना आला, रंगवलेलं चाक म्हणजे गरिबाचं चाक असं झालं, सगळ्यांनी रंग खरवडून फेकला. आणि आता? आता तोच जुना रंग कोणाच्या चाकावर सापडला तर लोक दुरून पाहायले येतात. नयन म्हणे, काकू, अमेरिकेचं अर्धं पुराण तुमच्या गोठ्यात उभं आहे… हाव, मले काकू म्हणते तो. त्याच्या दाढीकडं पाहून मले त्याले काका म्हणावं वाटते.

ऐक ना वं, मुद्दा पुढंच आहे.

मंग त्यानं चाक खोललं, कडेले पॉलिश पेपरनं घासलं, बोटभर जागा. आणि ताई, तिथं एकाखाली एक रंग निघाले, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. वर पिवळा, त्याखाली शेंदरी, त्याखाली हिरवा. दर पोळ्याचा एक. बैलाची शिंगं रंगवून झाली की उरलेला डबा घेऊन याडी गाडीकडं यायची, आठवते?… हाव, हळद आणि तूपसुद्धा लावायची चाकाले, आदल्या दिवशी, बैलाचे खांदे शेकतात तसं. दुष्काळाच्या साली रंग नव्हता तं नुसता काळा, बैलगाडीच्या धुऱ्याले आणलेला. आणि एक गुलाबी होता, बा म्हणे तो तुझ्या जन्माचा… खरंच. मी पाहिला, नखाएवढा दिसते… माझ्या जन्माचा नाही. मी झाली तवा गाडी गोठ्यात गेलती.

आता खरी गोष्ट. ताई, चाक आतून पण रंगवलेलं आहे.

आतून म्हणजे जिथं चाक गाडीले टेकते ना, लोखंडाले लोखंड लागते, बोल्ट बसतात, ती जागा. नयन म्हणे तिथं रंग चालतच नाही. ती जागा कोरडी, उघडी पाहिजे. चाकं रंगवणाऱ्यांना हे तिकडंही ठेचा खाऊनच कळलं म्हणे. आणि आपल्या याडीनं दर पोळ्याले चाकं खोलायले लावून आतून-बाहेरून रंगवली. एक नख जागा सोडली नाही… कायले म्हणून काय विचारतेस? तुले तिचा स्वभाव माहीत नाही का? बैलाचं शिंग कोणी अर्धं रंगवते का? देवाच्या कामाची गाडी, तिचं अंग कोरडं कसं ठेवायचं?

नयननं समजावून सांगितलं. थरावर थर चढत गेला, तो दोन लोखंडांच्या मधी लोण्यावानी. बोल्ट कितीही आवळा, गाडी धावली की चाक तापते, रंग दबते आणि बोल्ट आपोआप सैल पडते. ताजा रंग असला तर लवकरच.

ताई?… ताई, आहे ना?… हाव.

तुले सगळं माहीत आहे, तू त्या गाडीत होतीस. तरी मले सांगू दे. कीर्तनात काय नवीन गोष्ट असते का? माहीत असलेलीच ऐकायले लोक सतरंजीवर दाटीवाटीनं बसतात. तं ऐक. पोळ्याचा दुसरा दिवस, तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ, चाकांचा रंग अजून ताजा. महाराज पुढं बसलेले, मागं याडी आणि तिच्या मांडीवर तू. गाडी हाकणारा भावसिंग, आपल्या बाचा जिवाभावाचा सोबती. डोक्याले तांबडा फेटा, तोंडात महाराजांच्याच अभंगाची चाल, आणि हात असा हलका की मागच्याच्या मांडीवरचं लेकरू उठू नये. फाट्यापासून गाडी उतरणीले लागली आणि गाडीचं चाक गाडीच्या पुढं पळालं. भावसिंगाच्या डोळ्यासमोर ते तुरीच्या वावरात शिरलं. त्याले कळेना हे आपलंच चाक आहे. कळलं तवा गाडी नाल्याच्या काठाले कलंडली होती. महाराजांचा हात मोडला. उपरण्यात हात बांधून त्यांनी त्या रात्री कीर्तन केलं, आणि कोणाले एक शब्द वावगा बोलले नाही.

बोलला तो आपला बा. पाराशी, सगळ्या तांड्यासमोर. तू बोल्ट आवळले नाही, म्हणे. भावसिंग एवढंच म्हणाला, आवळले होते. बाले वाटलं खोटं बोलते… हाव, मले माहीत आहे, तू सांगितलंतं. मी पाह्यलं, काकानं पाना फिरवला, असं तू म्हणत होती, आणि बानं तुले घरात पाठवलं. लहान पोरीचं कोण ऐकते?

तवापासून त्या माणसाच्या हाती कोणी ट्रॅक्टर पण दिला नाही. हात ढिला आहे म्हणे त्याचा. तो हायवेवर ट्रकांच्या गॅरेजात गेला, म्हातारा होऊन परत आला, बकऱ्या पाळल्या. आणि भजनाले तो नगाऱ्यावर बसला की आपला बा टाळ ठेवून बाहेर. याडी मधी मधी बाले समजवायची, आता सोडा, म्हणायची. बानं नाही सोडलं.

आता?… आता बा चाकाजवळ बसला आहे, गोठ्यात. नयन घाबरला, मले म्हणे, मी काही चुकीचं बोललो का. मी म्हटलं, तू चहा पी… नाही, बा रडत नाही. त्या रंगावर नुसता अंगठा फिरवून राह्यला… थांब.

ताई, थांब. बा उठला.

अवं, त्यानं चाक उभं केलं… नाही, नयन उचलतो म्हणते तर त्याचा हात झटकला… बा चाक गडगडवत निघाला. हाव, या वयात. लहान पोरं टायर पळवतात तसं, एका हातानं. धोतराचा सोगा दुसऱ्या हातात. मी मागं चालली, फोन ठेवू नको. नंदाबाईच्या कोंबड्या उधळल्या सगळ्या… नंदाबाई बाले विचारते, देवसिंग, पंक्चर काढायले चालला का… मी कायले सांगू? सगळे दारात येऊन पाहून राह्यले. नयन माझ्या मागं, चहाचा कप तसाच हातात.

बा वळला. भावसिंगकाकाच्या गल्लीत वळला, ताई.

हळू बोलते आता. काका लिंबाखाली बसला आहे, बकरीचा दोर वळून राह्यला. बानं चाक त्याच्या खाटेले टेकवलं… काका चाकाकडं पाहते, बाकडं नाही… नयन तोंड उघडत होता, मी त्याचा हात दाबला.

बा म्हणाला, "भावसिंग, तू आवळले होते."

…हाव. एवढंच. सगळ्यांसमोर. अर्धा तांडा आला आहे मागं… थांब, काका बोलते…

काका म्हणते, "ते मले तवाच माहीत होतं."

हसून राह्यले लोक. बा नाही हसत… बा विचारते, चाक काहून निघालं ते माहीत आहे का. आता नयन सांगीन रंगाचं… नाही, काकानं हात वर केला. म्हणते, रंगानं. गॅरेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी मिस्त्रीनं सांगितलं, चाकाच्या टेकीले रंग लावत नाहीत… ताई, त्याले माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं त्याले.

हॅलो? ऐकतेस ना? बा विचारून राह्यला, मंग काहून नाही सांगितलं, मले शिव्या देऊन सांगायचं होतं… काका दोर वळतेच आहे. ऐक, मी त्याचेच शब्द सांगते, जसेच्या तसे.

"रुक्माबाई जिवंत होती ना."

…

हाव, ताई. याडीसाठी. महाराजांचा हात आपल्या रंगानं मोडला हे तिले कळलं असतं, तं ती… हाव. पुन्हा डबा हाती धरला नसता तिनं. दर पोळ्याले ती काकाच्या घरापुढून बैल नेताना त्याच्या बकऱ्यांनापण रंगाचा टिळा लावायची, आणि तो उभा राहून पाहायचा.

बा म्हणे, आणि ती गेल्यावर? तवा तं सांगायचं… काका म्हणते, गेल्यावर तं अजूनच नाही. तिचा पोळा खराब करायले मी कोण?

बा खाटेवर बसला, ताई. काकाच्या बाजूले. काका सरकला, जागा दिली. दोर खाली ठेवला… हाव, दोघंच. एकमेकांकडं पाहत नाहीत, दोघंही चाकाकडं पाहून राह्यले. बानं त्याले गुलाबी थर दाखवला. काका म्हणते, हा पुष्पाचा. त्याले आठवते. तुझं नाव घेतलं त्यानं.

रडू नको वं. रड, बरं, रड थोडी.

नयन विचारून राह्यला, रंग काढायचा का ठेवायचा. काकानं उत्तर दिलं. आतला काढ, म्हणे, बाहेरचा ठेव. बाहेरचा रुक्माबाईचा आहे… आणि नागपूरले गाडी गेली तर हाकायचं कोणी, असं बानं विचारलं. काका म्हणते, डोळ्याले दिसत नाही आता. नयन हाकीन, मी बाजूले बसतो. बा म्हणे, मंग मी मागं बसतो.

हाव, ये. रविवारी ये, लेकरांना घेऊन ये. आता ठेवते, बा हाक मारून राह्यला, अर्ध्या तांड्याले चहा लागते आता, आणि दूध आपल्याच घरून न्यावं लागीन… हाव, सांगते बाले… ताई, एक ऐक. संध्याकाळी देवापुढं दिवा लावशील, तवा याडीचं नाव तं तू घेतेसच. आजपासून तिच्या मागोमाग भावसिंगकाकाचं घेत जा. विसरू नको त्याले.